फाटकापाशी दोन ज्युनिपर

सूसमधल्या आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी दोन झाडं होती. बहुतेक लोक त्यांना ख्रिसमस ट्री म्हणत. जुनी मंडळी मोरपंखी म्हणत. वॉचमन ‘शोची झाडं’ म्हणे आणि त्यातल्या त्यात तोच सत्याच्या जवळ होता. दोन्ही ज्युनिपर होती, पण दोन वेगळ्या जातींची. हे माहीत असलेली माणसं सोसायटीत दोनच होती. त्यातलं एक अमेरिकेला निघून गेलं. मग उरलो मी, आणि कुठलं झाड कुठल्या जातीचं हे मला सांगता येत नव्हतं.

सोसायटीला इटलीतल्या एका गावाचं नाव होतं. फाटकावर कमान होती, कमानीवर सिमेंटचे दोन सिंह होते आणि कमानीसमोरून रोज सकाळी म्हशी जात. पाणी टँकरचं. सिंहांच्या तोंडातून पाणी पडावं अशी मूळ योजना होती, पण पहिल्या उन्हाळ्यानंतर तिचं नाव कुणी काढलं नाही.

आमचं लग्न झालं ते अठ्ठ्याण्णव साली. मी परभणीचा, ती जळगावची, आणि दोघांना नोकरीने पुण्याकडे ओढलेलं. ती सॉफ्टवेअरमध्ये होती. मी मिक्सर, पंखे आणि गिझर यांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणत असे. ‘उपकरण वापरण्यापूर्वी ही पुस्तिका काळजीपूर्वक वाचावी’ हे वाक्य मी मराठीतल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

लग्नानंतर आम्ही सिक्कीमला गेलो. तिथे उंचावरच्या एका गावात रस्ता बंद झाला म्हणून एका घरात जेवायला थांबलो. घरातल्या म्हातारीने जेवणाआधी निखाऱ्यावर एक हिरवी डहाळी ठेवली. धूर झाला. पेन्सिल सोलताना येतो तसा वास, त्यात थोडी संत्र्याची साल आणि थोडी थंडी. बायकोने खुणेने विचारलं, हे काय. म्हातारी म्हणाली, धुपी. मग बाहेर जाऊन दूधपावडरच्या डब्यात लावलेलं एक वीतभर रोप तिने आणून दिलं, जणू आम्ही त्यासाठीच आलो होतो.

ते रोप पुण्यापर्यंत बायकोच्या मांडीवर आलं. रेल्वेच्या डब्यातले प्रवासी विचारत, हे काय, आणि ती सांगे, धुपी. मी सामान सांभाळत होतो. पुण्यात आल्यावर मी पुस्तकं पाहिली आणि सांगितलं की हे हिमालयातलं ज्युनिपर आहे, टोकं खाली झुकतात त्या जातीचं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जगणार नाही. मी वाचलं होतं म्हणून म्हणालो. तिने वाचलेलं नव्हतं, त्यामुळे ती पाणी घालत राहिली.

तेव्हा आम्ही पुण्याबाहेर नेरे गावात एका शेतकऱ्याच्या नव्या बांधलेल्या खोल्यांपैकी एका खोलीत राहत होतो. डबा पायरीवर असे. मालकीणबाई येता जाता विचारत, “वाढतंय का वो तुमचं बाळ?” उन्हाळ्यात बायको त्याच्यावर ओलं पोतं टाकी. ते जगलं. सूसला फ्लॅट घेतला तेव्हा डब्याची कुंडी झाली आणि ते गॅलरीत आलं.

फाटकाचं उद्घाटन ठरलं ती गोष्ट त्यानंतरची. प्रमुख पाहुणे येणार होते. अध्यक्षांनी नर्सरीतून चिनी ज्युनिपरची जोडी मागवली, कमानीच्या दोन्ही अंगांना एक एक लावायला. टेम्पो गतिरोधकावर उडाला आणि एकाचा शेंडा मोडला. पाहुणे दुसऱ्या दिवशी. अध्यक्षांना झोप येईना. एकच झाड लावलं तर एका कानात डूल घातल्यासारखं दिसेल, असं ते ज्याला त्याला सांगत होते. बायको म्हणाली, आमच्याकडे एक आहे, तसंच दिसतं, आणि त्याला कुंडी पुरत नाहीये.

मी तेव्हा परभणीला होतो, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. परत आलो तेव्हा उद्घाटन होऊन गेलं होतं आणि दोन्ही झाडं कापून एका उंचीची, एका आकाराची केलेली होती, आइस्क्रीमचे कोन उलटे ठेवावेत तशी. बायको फाटकापर्यंत मला घ्यायला आली होती. म्हणाली, “सांग बघू, आपलं कुठलं?”

मी एकाकडे बोट दाखवलं. ती हसली. बरोबर की चूक, हे ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. मी कुठल्या झाडाकडे बोट दाखवलं होतं, हेही मला आता आठवत नाही.

दोन हजार पाच साली आम्ही वेगळे झालो. भांडण झालं नाही. नातेवाइकांना हे पटत नसे, त्यांनी दोन्ही बाजूंनी कारणं पुरवून पाहिली. खरं तर आम्ही एका घरात दोन पाहुण्यांसारखे राहू लागलो होतो, आणि पाहुणे कधीतरी जातातच. तिला कंपनीने अमेरिकेला पाठवलं, ती तिकडेच राहायचं म्हणाली, आणि मी नको जाऊ म्हणालो नाही. सामानाची वाटणी सोपी होती. पुस्तकं माझी, कुकर माझा, रेडिओ तिचा. जाताना दारात ती म्हणाली, “झाड राहू दे तिथेच. लागलंय ते.”

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मी घरी बसून काम करी. कधी कधी दिवसभरात माझा आवाज मला ऐकू येई तो फक्त वॉचमनशी बोलताना, आणि वॉचमन मितभाषी होता. फाटकातून जाताना मी दोन्ही झाडांकडे बघत असे. आपलं झाड तिथे आहे एवढं पुरे होतं. कुठलं ते माहीत नसल्याने काही अडत नव्हतं.

अडलं ते आठ साली. वार्षिक सभेत अध्यक्षांनी जाहीर केलं की गाड्या मोठ्या झाल्या आहेत, सबब फाटक रुंद होणार.

“आत येताना डावीकडचं झाड जाईल,” ते म्हणाले. “उजवीकडचं राहील. काम दिवाळीनंतर.”

मी विचारलं, “जाईल म्हणजे? उपटणार की कापणार?”

“फरक काय पडतो?”

“झाडाला पडतो.”

मागून एक तरुण गृहस्थ म्हणाले, “काका, ख्रिसमस ट्री आहे हो. नर्सरीत पाहिजे तेवढी मिळतात.”

सभा पुढच्या विषयाकडे गेली. पुढचा विषय समोसे होता.

त्या रविवारी सकाळी मी तिला फोन केला. वर्षातून दोनतीनदा आम्ही बोलत असू, वाढदिवस, दिवाळी. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. फाटकाचं मी सांगितलं नाही. नुसतं विचारलं, “आपलं झाड कुठल्या बाजूचं गं?”

“का रे? मेलं की काय?”

“नाही. सहज.”

ती विचार करत राहिली. “मी खड्डा दाखवला होता खरा. पण नंतर त्या माळ्याने हलवाहलवी केली, रांग जुळत नव्हती म्हणून. नक्की नाही सांगता येणार. तुला ओळखता येईल ना? तू तर वाचलेलं आहेस.”

मी म्हणालो, येईल.

मग खरंच वाचायला बसलो. दोघांमधला फरक पुस्तकात अगदी सरळ होता. चिनी ज्युनिपरला दोन प्रकारची पानं येतात. कोवळेपणी सुईसारखी, टोचणारी. पुढे झाड पोक्त झालं की बारीक खवल्यांची, काडीला घट्ट चिकटलेली, वेणी घातल्यासारखी. आमच्या हिमालयातल्या जातीला जन्मभर सुयाच, आणि फांद्यांची टोकं खाली लवलेली. लहान मुलालाही कळावं इतकं सोपं.

पण आमच्या फाटकापाशी यातलं काहीच दिसत नव्हतं. कारण कात्री. चिनी ज्युनिपरला सारखं कापत राहिलं की ते पोक्त होतच नाही, पुन्हा पुन्हा कोवळ्या सुयाच काढतं. आणि दुसऱ्याची टोकं लवणार कशी, ती लवायच्या आतच उडवलेली. माळी दर महिन्याला येऊन दोघांनाही सारखं करून जाई. फळाच्या आतल्या बिया मोजूनही जात कळते, असं पुस्तक म्हणत होतं. एक बी असेल तर आमचं, जास्त असतील तर चिनी. पण त्यासाठी आधी फळ यायला हवं, आणि ज्युनिपरमध्ये नर आणि मादी बहुधा वेगळ्या झाडांवर असतात. जवळपास आपल्या जातीचा जोडीदार असल्याशिवाय पुढचं काही घडत नाही. सूसमध्ये आमच्या झाडाची ती सोय नव्हती.

म्हणजे उपाय एकच. दोघांना वाढू द्यायचं आणि वाट बघायची.

सोसायटीत उद्यान समिती नावाचं एक पद होतं. पद म्हणतो कारण समितीत माणूस एकच असे, आणि तोही पळण्याच्या बेतात. मी अर्ज दिला. अध्यक्षांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. आजवर मी कुठल्याच सभेत हात वर केलेला नव्हता. बिनविरोध निवडून आलो आणि पहिला आदेश माळ्याला दिला. माळी बिहारचा होता, कात्रीला धार लावूनच आला होता.

“साहब, काटना नहीं है?”

“नहीं.”

“बिल्कुल नहीं?”

“बारिश ख़त्म होने तक नहीं.”

तो दोन्ही झाडांकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. “तो फिर मैं कहूँगा क्या, अगर कोई पूछे?”

विचारलं अध्यक्षांनीच, पण मला. सकाळी फिरायला जाताना ते फाटकापाशी थांबले. निवृत्त अधिकारी होते, चालताना काठी नुसती हातात धरत.

“काय हो, झाडांना संन्यास दिलात की काय? दाढ्या वाढल्यात.”

“निरीक्षण चालू आहे,” मी म्हणालो.

“कसलं?”

“जातीचं.”

अध्यक्ष एकदम गंभीर झाले. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाले, “हे बघा, आपल्या सोसायटीत आपण तसलं काही पाहत नाही.”

पावसाळाभर मी पाहत होतो. कामातून उठून, छत्री घेऊन फाटकापर्यंत जाई, फांद्या हातात घेऊन बघे, आणि परत येई. वॉचमनच्या मनातून मी बहुधा उतरलो असेन. पण मला ते दिवस बरे गेले. सकाळी उठल्यावर बघायला काहीतरी होतं. बराच काळ दोन्ही झाडं सारखीच पिंजारत राहिली. मग नवरात्राच्या सुमारास उजवीकडच्या झाडाच्या वरच्या फांदीवर एक काडी निराळी दिसली. गुळगुळीत, गोलसर, बोट फिरवलं तर न टोचणारी. वेणी घातल्यासारखी. ते पोक्त व्हायला लागलं होतं.

डावीकडच्या झाडाची नवी टोकं तोवर लवली होती. पावसाचं पाणी टोकाशी जमून खाली पडत होतं. ते आमचं होतं. जायचं होतं तेही तेच.

मी सोसायटीच्या कार्यकारी समितीपुढे विषय मांडला की फाटक उजवीकडे वाढवावं. उजवीकडे विजेचा खांब होता आणि कारंज्याचा चौथरा बांधून झाला होता. कारंजं म्हणजे सिंहांची भरपाई. “झाड सेंटिमेंटल असू शकतं,” अध्यक्ष म्हणाले, “पण प्लॅन सेंटिमेंटल नसतो.” माझा प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला. माझं मत धरूनही एकमतच लिहिलं गेलं. मी हरकत घेतली नाही, कारण एक गोष्ट मी पदरात पाडून घेतली होती. झाड कापायचं नाही, मुळासकट काढून मला द्यायचं.

द्यायचं तर मी लावणार कुठे. गॅलरीत ते मावणं शक्य नव्हतं. मला आठवलं ते मालं गाव. पौडच्या पुढे, मुळशीच्या रस्त्यावर. तिथल्या एका शेतकरी जोडप्याकडून मी दरवर्षी नवा तांदूळ आणत असे. रस्त्याकडेची जमीन त्यांनी विकली होती, तिथे आता कुणाचं तरी फार्महाऊस होतं, पण मागची खाचरं आणि विहीर त्यांचीच होती. स्कूटर काढून गेलो. दोघं खळ्यावर होती.

“कसलं झाड म्हनला सर?” शेतकऱ्याने विचारलं.

“ज्युनिपर. हिमालयातलं.”

“फळं खायाची?”

“फळं नाहीत.”

“फुलं?”

“दिसण्यासारखी नाहीत.”

“सावली तरी?”

“फारशी नाही.”

त्याने बायकोकडे पाहिलं. “मंग सरांसारखंच हाय म्हना की.”

“गप बसा,” ती त्याला म्हणाली, आणि मला, “आना तुमी. हिरीच्या अंगाला लावू. पान्याजवळ ऱ्हाईल.”

काम निघालं तेव्हा थंडी सुरू झाली होती. मजुरांनी मातीसकट मुळांचा गड्डा काढला आणि बारदानात बांधला. पण एका बाजूची मुळं कमानीच्या पायाखाली गेली होती. ती तोडावी लागली. तोडताना मी तिथे होतो. पिकअपमध्ये झाड आडवं घातलं आणि मी मागे त्याच्याशेजारी बसलो. पिरंगुटला एकाने ड्रायव्हरला विचारलं, “ख्रिसमस हाय का काय?” ड्रायव्हर व्हय म्हणाला.

विहिरीजवळ लावलं, आळं केलं, पाणी घातलं. झाड ताठ उभं राहिलं. चांगलं हिरवंगार.

आणि इथे पुस्तकाने मला पुन्हा गाठलं. आंब्याचं झाड काढून लावलं आणि ते मेलं, तर चार दिवसांत पानं माना टाकतात, आपल्याला कळतं. ज्युनिपर तसं करत नाही. मुळं मेली तरी ते महिनोन्‌महिने हिरवंच राहतं. वरून पाहून जिवंत ज्युनिपर आणि मेलेलं ज्युनिपर यांतला फरक सांगता येत नाही. दोन जाती वेगळ्या ओळखायला मला एक पावसाळा लागला होता. आता एकच झाड होतं, आणि प्रश्न जास्त अवघड.

एक खात्रीचा मार्ग असतो. खोडाची साल नखाने जराशी खरवडायची. आत ओलं हिरवं दिसलं तर जिवंत. मी दर रविवारी माल्याला जाई. झाडाभोवती फिरे, टोकं बघे, आळ्यातली माती चाचपे. नख लावत नसे.

“हिरवं हाय की,” शेतकरी दर वेळी सांगे.

“हिरवं आहे,” मी म्हणे.

मग चहा होई. त्याची बायको झाडाला रोज घागर घालत होती. ते सांगताना तिच्या बोलण्यात उपकार नसत. घरात म्हैस होती, कोंबड्या होत्या, त्यात हे एक. दुपारी जेवून जा म्हणे आणि मी थांबे. आठवड्यातला तो एकच दिवस मी कुणासोबत जेवत असे. माझ्या लक्षात आलं होतं की मी नख न लावण्याचं हेही एक कारण आहे. झाड मेलंच असेल तर मला माल्याला येण्याचं निमित्त उरणार नव्हतं.

इकडे सोसायटीत फाटक रुंद झालं, कारंजं बसलं. उजवीकडचं ज्युनिपर एकटं दिसायला लागलं म्हणून अध्यक्षांनी डावीकडे कुंडीत एक प्लास्टिकचं आणून ठेवलं. बरं निवडलं होतं. मी पद सोडलं आणि माळ्याने मोठ्या समाधानाने कात्री बाहेर काढली. वेणीच्या काड्या सगळ्यात आधी गेल्या.

होळी झाली. ऊन तापायला लागलं. झाड हिरवंच होतं, पण त्या हिरव्यातली ओल कमी झाल्यासारखी वाटे. वाटे म्हणजे मला वाटे. एका रविवारी गेलो तर शेतकरी गावात गेला होता. त्याची बायको विहिरीवर कपडे आपटत होती. कपडे ठेवून माझ्याजवळ आली.

“सर, म्या काल नख लावलं.”

“आणि?”

“तुमीच बगा.”

खोडाच्या खालच्या अंगाला एक छोटी खरवड होती. आत तपकिरी, काडेपेटीच्या काडीसारखं कोरडं. मी दुसऱ्या बाजूला नख लावलं. तिथेही तेच.

“कधी मेलं असेल?” मी विचारलं.

“काय सांगावं. लावलं तवाच मेलं आसंल, न्हाई तर परवा. त्याच्या तोंडावर दिसतंय कुटं.” मग म्हणाली, “म्या पानी घालत हुते पन.”

“हो,” मी म्हणालो. “तुम्ही घालत होता.”

संध्याकाळी शेतकरी परतला आणि त्याने कुऱ्हाडीने झाड खाली घेतलं. मीच घ्यायला सांगितलं. त्याच्या बायकोने हिरव्या डहाळ्या एका बाजूला केल्या. म्हशीच्या गोठ्यात डासांसाठी ती रोज तिन्हीसांजेला घमेल्यात गोवऱ्या पेटवून धुरी करी. तिने त्यावर एक डहाळी टाकली.

सोललेली पेन्सिल. संत्र्याची साल. गोठ्यात उकडत होतं, पण वासातली थंडी होती तशीच होती.

“वास चांगला हाय की,” ती म्हणाली. “डास जात्यात का बगू.”

मी बाहेर बांधावर येऊन अमेरिकेला फोन लावला. तिच्याकडे रविवारची सकाळ होती.

“झाड गेलं,” मी म्हणालो.

“कुठलं?”

“आपलं.”

मग सगळं सांगितलं. फाटक, कात्री, लवलेली टोकं, मालं.

“पण ते आपलंच होतं कशावरून?” शेवटी ती म्हणाली.

“सुया होत्या. टोकं झुकत होती. आणि आत्ता जाळलं तर तोच वास आला. त्या म्हातारीकडचा.”

“चिनीही तसंच जळत असेल.”

“असेल. ते मी जाळून पाहिलेलं नाही.”

ती हसली असावी. मला नीट ऐकू आलं नाही, मागे गोठ्यात म्हैस हंबरत होती. तिने विचारलं, हे कसलं, आणि मी सांगितलं.

मग मी विचारलं, “मी परभणीहून आलो त्या दिवशी तू विचारलं होतंस, आपलं कुठलं. मी कुठलं दाखवलं होतं?”

“ते नाही आठवत.” ती म्हणाली. “तू बॅग खाली ठेवली नव्हतीस, एवढं आठवतं.”

अंधार पडायच्या आत निघालो. शेतकऱ्याच्या बायकोने तांदळाच्या पिशवीत काही डहाळ्या बांधून दिल्या होत्या आणि पुढच्या रविवारी यायला सांगितलं होतं, जसं काही झालंच नव्हतं. फाटकातून आत आलो तेव्हा वॉचमनने पिशवीकडे पाहिलं. डहाळ्या मी गॅलरीत ठेवल्या, पूर्वी कुंडी असायची तिथे. त्या बराच काळ हिरव्या राहिल्या.